स्वतःची गाडी नसताना मराठवाड्यात पीजी, पीएच.डी. करताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲडमिशनच्या याद्या लागल्या की ज्युनिअर पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, आणि दरवर्षी प्रश्न जवळपास तेच असतात, म्हणून एकदाचं सगळं इथं लिहून ठेवलंय. जास्त करून छत्रपती संभाजीनगरचं आहे कारण प्रश्न तिथलेच जास्त येतात, नांदेड-परभणीवाल्यांसाठी प्रश्न 12 बघा.

1. विद्यापीठात एम.ए.ला नंबर लागलाय पण माझ्याकडं ना बाईक ना स्कूटी. निभेल का?

निभेल. इथं निम्मी पोरं तशीच शिकतात, गाडी नाही म्हणून ॲडमिशन सोडू नका. फक्त एक समजून घ्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ 1958 मध्ये सुरू झालं ते शहराच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी, आणि कॅम्पस सातशे एकरांच्या वर आहे. म्हणजे गेटवर पोचलात म्हणजे डिपार्टमेंटला पोचलात असं नाही. गेटपासून आत चालायला वेळ लागतो, त्यात चढ, त्यात ऊन. बसमधून गेटला उतरल्यावर अजून पंधरा-वीस मिनिटं हातात ठेवून निघायचं आणि पाण्याची बाटली सोबत ठेवायची. आत जाणाऱ्या कुणाच्या तरी गाडीवर सहज बसायला मिळतं, पण लेक्चरच्या दिवशी त्या भरवशावर राहू नका.

2. खोली कुठं बघू? सिडकोत स्वस्त मिळतेय आणि बेगमपुऱ्यात महाग.

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि लोक सगळ्यात घाईत इथंच निर्णय घेतात. आधी होस्टेलचा फॉर्म भरा, नंबर लागेल न लागेल पण भरा. होस्टेल नसेल तर बेगमपुरा, जयसिंगपुरा, पहाडसिंगपुरा हा पट्टा बघा, इथून चालत कॅम्पसमध्ये जाता येतं. नंदनवन कॉलनी, छावणी, भावसिंगपुरा हे त्याच्या पुढचे पर्याय, सायकल असेल तर चालून जातात.

टीव्ही सेंटर, हडको, सिडको, मुकुंदवाडी, गारखेडा इथं खोल्या मोकळ्या, हवेशीर, कधी स्वस्तही असतात. पण हिशोब असा करा, खोलीचं भाडं अधिक महिन्याभराचं येण्याजाण्याचं भाडं, आणि वर रोजचा गेलेला वेळ. सिडकोवरून दोन रिक्षा बदलून यायचं म्हणलं तर महिन्याअखेरी वाचलेलं भाडं रिक्षातच गेलेलं असतं. आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे लायब्ररी. जवळ राहणारा रात्री उशिरापर्यंत बसतो, लांबचा साडेसहालाच पुस्तकं गोळा करायला लागतो कारण नंतर रिक्षा मिळणार नाही हे डोक्यात असतं. दोन वर्षांत हा फरक रिझल्टमध्ये दिसतो हो. म्हणून माझं स्पष्ट मत, गाडी नसेल तर खोली लहान चालेल, दोघांत-तिघांत चालेल, पण जवळ पाहिजे.

खोली ठरवायच्या आधी एकदा संध्याकाळी सात-आठला तिथून कॅम्पसपर्यंत चालत जाऊन बघा. लाईट आहे का, कुत्री आहेत का, मेस किती लांब, दुकानं किती वाजता बंद होतात. दुपारी अकराला बघितलेला रस्ता आणि रात्रीचा रस्ता वेगळा असतो.

3. पहिल्यांदाच येतोय. सीबीएस किंवा रेल्वे स्टेशनवरून विद्यापीठ कसं गाठू?

मध्यवर्ती बसस्थानक म्हणजे सगळे ज्याला सीबीएस म्हणतात ते, तिथून विद्यापीठ जवळ आहे, स्टेशनवरून जास्त लांब. स्मार्ट सिटीची शहर बस आहे, स्टेशन, सीबीएस, सिडको अशी मोठी ठिकाणं ती जोडते, विद्यापीठाकडं जाणारी कोणती ते स्टॉपवर किंवा कंडक्टरला विचारून घ्या कारण रूट आणि वेळा बदलत राहतात. सामान असेल आणि दोघं-तिघं असाल तर सरळ रिक्षा करा (भाड्याचं प्रश्न 4 मध्ये).

वेळेचा अंदाज घेताना जुने दरवाजे लक्षात ठेवा. मकाई गेट, पाणचक्कीजवळचा महेमूद दरवाजा, मिलिंद कॉलेजकडचा बारापुल्ला दरवाजा, हे खाम नदीवरचे अरुंद रस्ते आहेत आणि ऑफिसच्या वेळेला तिथं गाड्या अडकतात. परीक्षेच्या दिवशी अंतर कमी आहे म्हणून उशिरा निघू नका. 14 जानेवारीला, नामविस्तार दिनाला, विद्यापीठ गेटवर सगळ्या मराठवाड्यातून लोक येतात, त्या दिवशी तिकडं वाहनं वळवलेली असतात, चालतच जायचं. गाडी असणाऱ्यांनाही त्या दिवशी चालावंच लागतं.

4. रिक्षावाले काहीही भाडं सांगतात. नेमकं कसं ठरवायचं?

दोन प्रकार आहेत. शेअर रिक्षा ठरलेल्या रस्त्यावर चालते, जालना रोडवर बाबा पेट्रोलपंप, क्रांती चौक, मोंढा नाका, आकाशवाणी, सिडको, चिकलठाणा अशी. तिचं माणशी भाडं सगळ्यांना माहीत असतं, बसायच्या आधी शेजारच्या प्रवाशाला विचारा, रिक्षावाल्याला नको. सुट्टे पैसे काढून ठेवा. दुसरी स्पेशल, तिचं भाडं बसायच्या आधीच ठरवायचं, "किती होतील ते बघू" असं म्हणून बसायचं नाही. ॲपवर त्याच अंतराचं भाडं बघून घेतलं की बोलताना आधार मिळतो. स्टेशनच्या दारातच उभ्या असलेल्या रिक्षापेक्षा थोडं बाहेर रस्त्यावर आलं की बऱ्याचदा कमी लागतं.

चौघं एकाच डिपार्टमेंटचे एकाच कॉलनीत राहत असाल तर एक ओळखीचा रिक्षावाला महिन्यावर ठरवा. मुलींचे असे ग्रुप चांगले चालतात.

5. सायकल घेऊ का? हसतील का लोक?

घ्या. कोणी हसत नाही, आणि हसला तरी त्याच्या पेट्रोलचा खर्च तुम्ही भरत नाही. जवळ राहणाऱ्याला सायकलसारखी दुसरी सोय नाही, कॅम्पसच्या आतलं अंतर (प्रश्न 1) तीच संपवते. गिअरची महागडी नको, जुनी साधी, मागं कॅरिअर असलेली बघा. कुलूप चांगलं घ्या आणि होस्टेलच्या खांबाला बांधा, नुसतं चाक लॉक करू नका. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा सकाळी दहाच्या आत पोचायचं आणि ऊन उतरल्यावरच निघायचं, डोक्याला रुमाल पाहिजेच.

6. एसटीचा पास पीजीच्या विद्यार्थ्याला मिळतो का? मुलींना तर अर्धंच तिकीट आहे, मग पास काढायचा कशाला?

विद्यार्थी पासात 66.67 टक्के सवलत असते, म्हणजे एक तृतीयांशच पैसे भरायचे. डिपार्टमेंटचा बोनाफाईड, आयकार्ड, आधार घेऊन डेपोच्या पास खिडकीवर जा. पास गाव ते कॉलेज एवढ्याच मार्गाचा असतो, त्यावर मामाच्या गावाला जाता येत नाही.

महिलांना 17 मार्च 2023 पासून एसटीच्या सगळ्या प्रकारच्या बसमध्ये पन्नास टक्के सवलत आहे. रोज ये-जा करणाऱ्या मुलीला तरीही पासच स्वस्त पडतो, महिन्यातून दोनदा गावी जाणारीला अर्ध्या तिकिटाचाच फायदा. पीएच.डी.वाल्यांचं कोर्सवर्क संपलं की रोज यावं लागत नाही, तेव्हा पासाचे पैसे वसूल होत नाहीत, साधं तिकीट काढा.

आणि दोन गोष्टी ज्यावरून बसमध्ये वाद होतात. ही अर्ध्या तिकिटाची सवलत शहर बसला लागू नाही. आणि ती महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच आहे, हैदराबाद-निजामाबादच्या एसटीत बसलात तर हद्दीच्या पुढचं पूर्ण भाडं लागतं.

7. घर जालन्याला आहे. रूम न करता रोज अप-डाऊन जमेल का?

जालना जमतं. रेल्वेने 63 किमी आहे, मासिक पास निघतो. पास 150 किमीपर्यंतच मिळतो, म्हणून परभणीचा निघत नाही, ते अंतर पावणेदोनशेच्या पुढं जातं. पास असला तरी रिझर्व्हेशनच्या डब्यात चढायचं नाही, टीसी दंड लावतो आणि तो बरोबरच असतो.

नोकरीवाले, हायकोर्टात येणारे, विद्यार्थी, सगळ्यांची लाडकी गाडी म्हणजे धर्माबाद-मनमाड मराठवाडा एक्सप्रेस, सकाळी इकडं येते आणि संध्याकाळी परत नेते. पण मनमाड लाईन अजून बरीचशी सिंगल आहे, समोरून गाडी आली की क्रॉसिंगला उभं राहावं लागतं, त्यामुळं परतीला उशीर धरूनच चाला. सकाळचं पहिलं लेक्चर असेल त्या दिवशी एसटी किंवा आधीची गाडी पकडा. आणि स्टेशन ते विद्यापीठ हा तुकडा विसरू नका, लोक गाडीचाच वेळ मोजतात आणि मग पहिल्या महिन्यातच दमतात. पहिलं सत्र करून बघा, अभ्यासच होत नसेल तर शेअरिंगमध्ये रूम घ्या (प्रश्न 2).

अप-डाऊनवाल्यांना अजून एक विचारतात, जेवणाचं काय. तालुक्यावरून येणाऱ्या एसटीत घरचा डबा पाठवायची पद्धत आपल्याकडं जुनी आहे, रूमवर राहणाऱ्या कितीतरी पोरांचा डबा सकाळच्या गाडीने येतो. पिशवीवर नाव आणि मोबाईल नंबर खडूने नाही, मार्करने लिहा, गाडी लागायच्या आधी फलाटावर हजर राहा, आणि रिकामा डबा धुऊन त्याच गाडीने परत पाठवा. ड्रायव्हर-कंडक्टर हे ओळखीवर, माणुसकीवर करतात, त्यांना वाट बघायला लावायची नाही.

8. रेल्वेत संशोधक विद्यार्थ्याला सवलत आहे म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे आणि फार कमी जण वापरतात. विद्यार्थ्यांना गावी जाण्यासाठी सेकंड आणि स्लीपर क्लासमध्ये 50 टक्के, एससी-एसटी विद्यार्थ्यांना 75 टक्के सवलत आहे. संशोधनाच्या कामासाठी प्रवास करणाऱ्या रिसर्च स्कॉलरला 35 वर्षं वयापर्यंत 50 टक्के. कोरोनाच्या काळात बऱ्याच सवलती बंद झाल्या पण विद्यार्थ्यांच्या राहिल्या. अडचण वयाची आहे, साध्या विद्यार्थी सवलतीला 25 आणि एससी-एसटीला 27 ची मर्यादा आहे, त्यामुळं उशिरा पीजीला आलेल्यांना मिळत नाही. विद्यापीठाच्या सही-शिक्क्याचा सवलतीचा फॉर्म लागतो आणि तिकीट काउंटरवरच निघतं, मोबाईलवर नाही. सही-शिक्क्याला वेळ जातो, प्रवासाच्या आदल्या दिवशी फॉर्म घेऊन पळू नका.

9. बीड, अंबाजोगाई, लातूर, धाराशिवच्या पोरांनी काय करायचं? आमच्याकडून रेल्वेच नाही.

हे दुखणं खरं आहे. बीडला रेल्वे आली ती 17 सप्टेंबर 2025 ला, आणि तीही अहिल्यानगरकडं जाणारी. लातूर-धाराशिवची लाईन कुर्डुवाडीकडं जाते. म्हणजे संभाजीनगरला यायला तुम्हाला एसटीच.

बीड साधारण 130 किमी, गाड्या दिवसभर असतात. लातूरच्या गाडीची पाटी नीट वाचा, नुसतं गावाचं नाव नाही तर खालचं "मार्गे" पण. एकाच गावाच्या दोन गाड्या वेगवेगळ्या रस्त्याने जातात आणि तास-दीड तासाचा फरक पडतो. चौकशी खिडकीवर "पुढची कधी" एवढंच विचारू नका, "विनाथांबा आहे का, मार्गे कुठून" हे विचारा. रविवारी संध्याकाळी आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी गाड्या तुडुंब भरतात, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची पद्धत आहे पण लांबच्या गाडीला रिझर्व्हेशन करून टाका, पाच तास उभं राहून सोमवारी सेमिनार देता येत नाही. आषाढीच्या आठवड्यात डेपोच्या बऱ्याच गाड्या पंढरपूरला जातात, नवरात्रात तुळजापूरला, तेव्हा रोजच्या फेऱ्या कमी होतात हे धरून बेत आखा.

10. फील्डवर्क खेड्यात आहे, तीन तालुके. गाडीशिवाय कसं करू?

मुक्कामी गाडी शोधा. बऱ्याच खेड्यांत संध्याकाळी गेलेली एसटी रात्री तिथंच थांबते आणि पहाटे परत निघते. तालुक्याच्या डेपोत कंट्रोलरला कोणत्या गावात मुक्कामी जाते विचारा, ते चांगलं सांगतात. मुलाखतींसाठी हेच सोयीचं आहे, कारण लोक दिवसा रानात असतात आणि संध्याकाळीच निवांत भेटतात. दुपारी अकराला गाडीवर जाणाऱ्याला ओसरीवर म्हातारी माणसंच सापडतात. रात्री राहायचं आधी ठरवून जा, सरपंच, शाळेतले गुरुजी, आशाताई, अंगणवाडीताई यांच्यापैकी कुणाला तरी फोन करून. मुलींनी पहिली खेप दोघींनी मिळून करावी.

जिथं मुक्कामी नाही तिथं फाट्यापर्यंत एसटी आणि पुढं काळीपिवळी किंवा चालत. परतीची शेवटची गाडी किती वाजता फाट्यावरून जाते ते उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्या. आठवडी बाजाराच्या दिवशी जीपा भरपूर असतात, कामं त्या दिवशी ठेवा. पावसाळ्यात नदीपलीकडचं गाव असेल तर आधी फोन करा, 2025 च्या सप्टेंबरात बीड-धाराशिवकडं किती पूल पाण्याखाली गेले ते आपण पाहिलंय, पाणी वाहत असलेल्या पुलावरून कुणी नेतो म्हणला तरी जायचं नाही.

11. इतिहास-पुरातत्त्वाचा विद्यार्थी आहे, वेरूळ-अजिंठ्याला वारंवार जावं लागतं.

वेरूळ 30 किमी, सीबीएसवरून कन्नडकडं जाणारी कोणतीही एसटी चालते. अजिंठा शंभर किमी, सिल्लोडमार्गे जळगावच्या गाडीने फर्दापूरच्या टी पॉइंटला उतरायचं, खासगी गाडीवाल्यांनाही तिथंच थांबून पुढं शटल बसनेच लेणीत जावं लागतं. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला घृष्णेश्वराच्या गर्दीने दौलताबादचा घाट तुंबतो, ते दिवस सोडा.

12. नांदेड किंवा परभणीला ॲडमिशन आहे. तिथं कसं?

नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ विष्णुपुरीला आहे, गावापासून लांब. नांदेडच्याच सिडको-लातूर फाट्याकडून शेअर ऑटो आणि लातूर रोडच्या एसट्या मिळतात, पण संध्याकाळनंतर कमी होतात. तिथं तर प्रश्न 2 दुप्पट लागू, विष्णुपुरीतच किंवा लातूर फाट्याजवळ राहा. परभणीचं कृषी विद्यापीठ शहराला लागूनच आहे, सायकलवर सगळं होतं.

13. निजामकाळातली कागदपत्रं बघायला हैदराबादला जायचंय. स्वस्तात कसं?

1948 पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो त्यामुळं बरीच कागदपत्रं तिकडच्या राज्य अभिलेखागारात, तारनाक्याला आहेत. अजिंठा एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी सिकंदराबाद, तिथून तारनाका जवळ आहे. रात्रीच्या प्रवासाने एका दिवसाचं लॉजचं भाडं वाचतं. सवलत प्रश्न 8 प्रमाणे घ्या. तिकिटं जपून ठेवा, फेलोशिपची कंटिन्जन्सी (संशोधनाच्या किरकोळ खर्चाचे पैसे) क्लेम करताना लागतात, आणि एसटीच्या तिकिटावरची शाई उडते म्हणून लगेच फोटो काढा.

14. गाडी रात्री एक-दोनला पोचते. मुलगी एकटी असेल तर काय करावं?

स्टेशनच्या वेटिंग रूममध्येच उजाडेपर्यंत थांबा. एकटीने अनोळखी रिक्षात बसून बेगमपुऱ्याच्या गल्ल्यांत जायची घाई करू नका. निघायलाच लागलं तर रिक्षाच्या नंबरचा फोटो मैत्रिणीला, लाईव्ह लोकेशन चालू, आणि 112 डायल करता येतो हे लक्षात असू द्या. रेल्वेत असताना 139. होस्टेलच्या वॉर्डनला आधीच लेखी कळवा की अमुक गाडीने येतेय, नाहीतर गेटवर अडवतात. आणि डिपार्टमेंटच्या सर-मॅडमना माझी विनंती, बाहेरगावच्या मुलींची प्रेझेंटेशन्स संध्याकाळी पाचची ठेवू नका. शेवटच्या गाडीच्या काळजीने त्या अर्ध्यातून उठतात आणि मग "इंटरेस्ट नाही" असा शेरा पडतो.

15. मित्राची बाईक अधूनमधून वापरतो, लायसन्स नाही. चालतं ना?

नाही चालत. विनालायसन्स चालवणाऱ्याला 5,000 रुपये दंड आणि गाडी देणाऱ्या मालकालाही 5,000, म्हणजे मित्र पण अडकतो. अपघात झाला तर विम्याचा घोळ वेगळाच. मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं. लायसन्स असेल तर बिनधास्त वापरा पण पेट्रोल भरून परत द्या.

16. दिवाळीत ट्रॅव्हल्सवाले दुप्पट-तिप्पट घेतात. काही नियम आहे का?

आहे. सरकारच्या 2018 च्या आदेशानुसार खासगी बसला त्याच अंतराच्या एसटी भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. जास्त घेतलं तर तिकिटाचा फोटो ठेवून आरटीओकडं तक्रार करा. सुट्टीचं पत्रक निघायची वाट न बघता एसटीचं रिझर्व्हेशन आधीच टाकून ठेवलं तर ही वेळच येत नाही.

17. माझी वायवा (पीएच.डी.ची तोंडी परीक्षा) ठरलीय आणि त्याच दिवशी बंदची हाक आहे. काय करू?

आदल्या दिवशी या आणि कुणाच्या तरी रूमवर झोपा, बंद नसला तरीही. 2021-22 चा एसटीचा संप पाच महिन्यांच्या वर चालला, 2023 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आंदोलनाच्या दिवसांत मराठवाड्यातल्या कितीतरी डेपोंच्या गाड्या बंद होत्या. अशा वेळी रेल्वे चालू असते, पण बीडवाल्याला ती उपयोगाची नाही. गाईडला आणि विभागप्रमुखांना लेखी मेल टाका, तोंडी सांगितलेलं नंतर कुणाला आठवत नाही. प्रबंधाच्या प्रती आधीच सोडून ठेवा.

18. घरचे म्हणतात हप्त्यावर स्कूटी घेऊन देतो. घेऊ का?

शेतीच्या भरवशावर हप्ता असेल तर माझं उत्तर नाही. फेलोशिप मिळणार आहे म्हणून घेत असाल तरी थांबा, ती महिन्याच्या महिन्याला जमा होत नाही आणि हप्ता मात्र महिन्याला जातो. जवळची खोली आणि सायकल यावर दोन वर्षं निघतात. पीएच.डी.त फील्डवर्क दीर्घ असेल, वाटखर्च गाडीपेक्षा जास्त होत असेल, किंवा तब्येतीमुळं चालणं होत नसेल, तर जुनी चांगली बघून रोखीने घ्या. लायसन्स मात्र आत्ताच काढा, गाडी असो नसो. लर्निंग सहा महिने चालतं आणि 30 दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते, त्यामुळं पहिल्या सत्राच्या सुट्टीत अर्ज केला तर दुसरं सत्र संपायच्या आत हातात येतं.